गोठ्याच्या रंगाचा पिंजरा

आमच्या केउरू गावाच्या खडीखाणीमागे मातीच्या वाटेवर मोटारींच्या शर्यती होतात. गाड्या भंगारातून उठवलेल्या, चालवणारे भंगारात जायच्या बेताचे, आणि दोघांना तपासणारा मी, पेर्त्ती. गाडी उलटली तर माणूस चेपू नये म्हणून आत पोलादी पाइपांचा पिंजरा असतो. त्याला पाडलेल्या बारीक भोकांतून पाइपाची जाडी मोजायची, हे माझं काम. वीस वर्षं मी भोकात डोकावतोय. बायको म्हणते, एवढ्या बारकाईने घराचं छप्पर बघितलं असतंस तर गळलं नसतं.

एन्सिओच्या हातचे पिंजरे मात्र मी निव्वळ आनंदासाठी तपासायचो. हा सदुसष्ट वर्षांचा, शिडीसारखा लांब, विधुर गडी. घर जंगलाच्या टोकाला. रेडिओवर फक्त समुद्राच्या हवामानाचा अंदाज ऐकणार. कुठल्या बंदराजवळ किती उंच लाटा, वगैरे. समुद्र इथून दोनशे किलोमीटर लांब! मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ती बाई रोज त्याच वेळी बोलते."

पाइप निवडायला तो युवास्क्युला शहरातल्या पाइपांच्या गोदामात स्वतः जायचा. पाइपाच्या तोंडात बोट घालून आतून फिरवायचा. पत्रा वळवून जोडलेला पाइप असला की आतला सांधा बोटाला लागतो. तसल्याकडे तो पुन्हा बघत नसे. बिनसांध्याचा सापडला की दोन्ही टोकांची जाडी मोजायची, फरशीवर गडगडवत नेऊन सरळ आहे का पाहायचं, मग कानाशी धरून चमच्याने वाजवायचा. चमच्याने काय कळतं हे त्यालाही ठाऊक नसावं.

"अरे, पाइप घेतोयस की जावई?" गोदामवाला ओरडायचा.

"जावई बदलता येतो," एन्सिओ म्हणायचा.

आमच्या शर्यतीचा एक नियम आहे. शर्यत संपली की प्रत्येक गाडी ठरलेल्या एकाच किमतीला विक्रीला लागते. कुणाही स्पर्धकाने चिठ्ठी टाकावी आणि मालकाने मुकाट किल्ली काढून द्यावी. नाही म्हटलं की परवाना गेला. म्हणून शहाणी माणसं गाडीवर फार जीव लावत नाहीत. एन्सिओचा पिंजरा असलेली गाडी मात्र हमखास जायची. शाळेची बस चालवणाऱ्या काइसूच्या तर सहा वर्षांत सहा गाड्या गेल्या. दर हिवाळ्यात नवी गाडी, नवा पिंजरा, आणि डोकं पाइपाला लागतं का हे बघायला ती दर शनिवारी एन्सिओकडे.

बाकीची गिऱ्हाइकं यंत्रावर वाकवलेले तयार पिंजरे आणू लागली. उरली एकटी काइसू. शनिवारी एन्सिओ दाढी करायचा. दालचिनीचे गोड पाव ठेवायचा आणि घरी भाजले म्हणून सांगायचा. बेकरीची पिशवी शेजारीच पडलेली असायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मीही ते पाव खात बसलो होतो.

"म्हाताऱ्या," काइसू म्हणाली, "यंदा माझी गाडी जाता कामा नये."

"का गं पोरी?"

"मला माझे शनिवार हवेत. हापामाकी गावात एक जण भेटलाय, त्याला शनिवारीच सुट्टी. दर वर्षी आपलं हेच, तुझं गॅरेज आणि माझे गारठलेले पाय!"

एन्सिओने कॉफी ढवळली. तो साखर घेत नाही.

"थंडी असते खरी इथे," तो म्हणाला.

"असा पिंजरा कर की कुणी ढुंकून बघणार नाही. पण मी मरता कामा नये हं!"

"दोन्ही एकदम मागतेयस."

"तुला जमतं म्हणून मागतेय."

सोमवारी पाइप उचलू लागायला मी त्याच्याबरोबर गोदामात गेलो. "नेहमीसारखाच देखणा पिंजरा कर," मी म्हटलं. "गाडी गेली तर तुझा काय दोष? पोरगी पुढच्या हिवाळ्यात आपोआप येईल."

तो पाइपात बोट घालून उभा होता. ते त्याने आतून पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाला, "पाइप नेहमीचाच घेणार." त्या दिवशी त्याने निवडीला चार तास लावले. शेवटी गोदामवाल्यानेच त्याला बसायला स्टूल आणून दिलं.

ऑगस्टमध्ये गाडी माझ्यापुढे आली आणि मी टोपी काढली. अख्ख्या पिंजऱ्याला आमच्याकडे गोठ्याच्या लाकडी भिंतींना देतात तो तांबडा रंग फासलेला, ओघळांसकट, ब्रशच्या केसांसकट! वरून जुन्या सतरंजीच्या पट्ट्या सुतळीने बांधलेल्या.

"एन्सिओला मोतीबिंदू झालाय!" कुणीतरी ओरडलं.

"बिचारा. संपला आता त्याचा हात," दुसरा म्हणाला.

मी भोकं मोजली. जाडी सगळीकडे एकसारखी. पट्ट्या सरकवून वाकांवरून अंगठा फिरवला. एकही वाक केसभर चपटा नव्हता. त्याच्या हातचा इतका सुंदर पिंजरा मी पाहिला नव्हता. मी नुसतं "वा!" म्हटलं असतं तरी वीस चिठ्ठ्या पडल्या असत्या. एन्सिओ पलीकडे उभा राहून पाइनची झाडं मोजत होता. मी शिक्का मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या फेरीत काइसूची गाडी उलटली. काइसू शिव्या देत बाहेर आली, ओरखडाही नाही. "काय नशीब बाईचं!" लोक म्हणाले.

संध्याकाळी चिठ्ठ्या पडलेल्या गाड्यांचे क्रमांक भोंग्यावरून वाचले. काइसूचा नव्हता. तिने एन्सिओला मिठी मारून त्याची टोपी पाडली.

"किती वर्षं टिकेल रे हा?"

"वीस. पाइप चांगला आहे."

"मग सुटलास माझ्या कटकटीतून! कॉफीला ये कधीतरी, हापामाकीला."

"येईन की."

आमच्याकडे 'येईन की' म्हणणारा माणूस येत नसतो. ती मात्र तोवर गाडी ट्रेलरवर बांधायला पळाली होती.

सगळे निघून गेले. मी तपासणीचा तंबू उतरवत होतो. एन्सिओची व्हॅन फाट्यावर थांबली, घराकडे वळायचा डावा दिवा लुकलुकत होता. रस्ता दोन्हीकडे रिकामा. मी तंबूचे सहा खांब उपटले, कापडाची घडी घातली, तरी तो दिवा तिथेच लुकलुकत होता.