आजीने उन्हात धरलेला आईचा एक्स-रे

मंडळी, आज सकाळी लेकीला सोनोग्राफीसाठी पालघरला नेलं होतं. पाळीत ती ओटीपोट धरून गडाबडा लोळते. रिपोर्ट मात्र नॉर्मल आला. "काही दुखणी यात दिसतच नाहीत, पुन्हा दाखवायला या," असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पण 'नॉर्मल' ऐकल्यावर माझं पुढे लक्षच नव्हतं.

येताना दातिवऱ्याला आईकडे थांबलो. ती बोंबील सुकत घालत होती. मी खुशीत सांगितलं, "काही नाही निघालं गं."

आईने हातातला बोंबील खाली ठेवला आणि सांगायला लागली.

साठच्या दशकात ती नवी सून होती, तेव्हा तिलाही असंच दुखायचं. एक्स-रे काढला, त्यातही काही दिसलं नाही. मग माझ्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने, ती फिल्म उन्हात धरून मासळी सुकवणाऱ्या सगळ्या बायकांना दाखवली. "बगा, पोटात काय नाय. कामाचा कंटाळा हाय!"

त्यानंतर आईने दुखण्याचं नाव काढलं नाही. मलासुद्धा हे आजच कळलं.

तिने नातीला जवळ ओढलं. "तुला दुकतंय ना? मंग दुकतंय. फोटूला काय इचारायचं?"

उद्या आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंकडे जातोय.

नॉर्मल रिपोर्ट आल्यावर तुमच्या घरात कोण गप्प झालंय?