काळजिव्हा पूजेतच गेली

माझी नात धडधाकट आहे. मेली ती तिची तलवार.

सकाळपासून कळवणचे पाहुणे रडके फोन करतायत. सायलीच्या गेमच्या ग्रुपमधल्या टवाळांनी तिच्याच फोटोखाली लिहून ठेवलं, "आपली वाघीण गेली, भावपूर्ण श्रद्धांजली."

अरे, कोण गेली ते लिहायला हात मोडतात का?

तर गेली ती काळजिव्हा. सायलीच्या मोबाइलमधल्या गेमची तलवार.

तलवार खमकी होती, खोटं कशाला बोलू. एका घावात डोंगराएवढा राक्षस आडवा. तसली दुसऱ्या कुणाकडं नव्हती म्हणे.

पण तिला रोज रक्त लागायचं. दिवस मावळायच्या आत एक राक्षस मारून पाजायचं. एक दिवस चुकला की तुकडे.

तीन वर्षं पोरगी तिला पाजत होती.

पोटच्या लेकराचं कोणी एवढं करत नाही.

चुलत बहिणीला हळद लागत होती आणि ही मांडवामागं उकिरड्यापाशी उभी, रेंज शोधत.

तापानं फणफणली होती तेव्हा मी म्हटलं, "टाकून दे ती अवदसा."

"आजी, अख्खा ग्रुप माझ्या तलवारीवर चालतो."

"आणि तू कशावर चालतेस?"

पांघरुणात तोंड घालून पुन्हा राक्षस मारायला लागली.

काल खंडेनवमी. आमच्यात घरातली हत्यारं पाटावर मांडतात. कोयता, विळी, लेकाचे पाने-पकडी. एकदा अक्षता पडल्या की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलायचं नाही.

मी म्हटलं, "तुझंही हत्यार आण की."

हसत हसत मोबाइल ठेवून गेली. मी हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला.

दुपार कलल्यावर तिच्या ध्यानात आलं.

"आजी, आज पाजलंच नाही गं."

मला वाटलं होतं सकाळीच उरकलं असेल. पण आता अक्षता पडलेल्या.

पाटासमोर बसून राहिली. मी काही तिचा हात धरला नव्हता.

एकदा हात पुढं गेला. म्हटलं, उचलतेय.

तिनं घसरलेला झेंडू सरळ केला आणि हात मागं घेतला.

दिवस मावळला.

आज सकाळी उघडून बघितलं तर तुकडे. मी मनाची तयारी करून बसलेली, आता ही भोकाड पसरणार.

"सुटले गं आजी," म्हणाली.

आणि मांडी घालून पुरणपोळ्या खाल्ल्या. गरम गरम, दोन्ही हात मोकळे.

लय दिवसांनी माझाही जीव भांड्यात पडला.

काळजिव्हे, पुष्कळ मारलेस बाई. आता गप पड. दुसऱ्या कुणाच्या घरात शिरू नकोस.

ही पोस्ट लिहितेय तोवर ग्रुपच्या म्होरक्याचा मला मेसेज आलाच. "आजी, सायलीताईला सांगा, नवा भाला देतो, तलवारीपेक्षा भारी. फक्त रोज पाजावं लागेल."

बाबा, मला मध्ये घालून विनवण्या करू नको. मी काही सांगणार नाही. तिचा बापही सांगणार नाही.

सायले, हात धू आणि ये. त्याला उत्तर तू द्यायचं. इथंच खाली, सगळ्यांदेखत.