जावक क्रमांक नसलेली नोटीस

तो मेल मीच डिलीट केला. कोणी हॅक केलं नाही, चुकून बोटही लागलं नाही. संध्याकाळी मेथी निवडत बसले होते, मोबाइल वाजला, चष्मा लावून मेल वाचला आणि उडवला. वर तो स्पॅम म्हणून नोंदवला आणि पुन्हा मेथीला लागले. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

याचं मूळ आमच्या मंडळात आहे. लखनौत आम्ही मराठी माणसं मूठभर. कोणी रेल्वेतून, कोणी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेली. त्यातल्या एका इंजिनिअर काकांना खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केलं आणि बिचारे स्वतःच्याच घरात मोबाइलसमोर कैदी होऊन बसले. तेव्हापासून हळदीकुंकू असो की कोजागिरी, माझं भाषण ठरलेलं. मी उभा जन्म सरकारी कार्यालयात नोटिसा काढल्या, तेव्हा मला विचारा. “खरी नोटीस कागदावर येते. तिच्यावर जावक क्रमांक असतो, गोल शिक्का असतो, ती द्यायला माणूस येतो. मेलवर पोलिस आले की समजायचं, चोर आहे.” सगळ्या माना डोलवायच्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. मी तर ताक न चाखताच मोरीत ओतायला शिकवत होते.

मेल होता, ऑनलाइन फाइली ठेवायला जागा देणाऱ्या एका कंपनीचा. खातं माझ्या भाचीचं. बहिणीची ही मुलगी शाळेत असतानाच नागपूरहून माझ्याकडे शिकायला आली. तिच्या प्रोजेक्टसाठी खातं मीच उघडून दिलं होतं, म्हणून त्यावर मेल माझा आणि मोबाइल नंबरही माझाच. पुढे ती नोकरीला लागली, सरोजिनी नगरहून मेट्रोने रोज हजरतगंजला एका खाजगी ऑफिसात जाऊ लागली, तरी ते तसंच राहिलं. एकदा मी बदलून घे म्हटलं तर म्हणाली, “रहने दो न मावशी, आपके पास सेफ है.” मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

मेलमध्ये लिहिलं होतं की या खात्यातली माहिती पोलिसांनी मागितली आहे. त्यांना सगळं खातं हवं होतं, ते आम्ही मान्य केलं नाही. आता न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे फक्त एका फोल्डरमधल्या फाइली द्याव्या लागतील. अमुक तारखेपर्यंत आम्ही थांबतो. तुमची हरकत असेल तर वकिलाला विचारा, न्यायालयात जा आणि आम्हाला कळवा.

आता वाचलं की कळतं, चोर असं बोलत नाही. चोर घाई करतो, दम देतो. हा मेल वेळ देत होता आणि वकिलाकडे पाठवत होता. पण मला त्यात एकच शब्द दिसला, पोलिस. भाचीला मी सांगितलंही नाही. पोर ऑफिसातून दमून येते, तिच्या डोक्याला कशाला ताप, असा विचार केला. आपण तिची काळजी घेतोय, असंच मला वाटत होतं.

त्या फोल्डरमध्ये काय आहे, हे मला नंतर कळलं. तिच्या ऑफिसातला साहेब बायकांशी वाईट वागायचा. ज्यांना त्याने त्रास दिला त्यांनी आपापली हकीकत लिहून भाचीकडे दिली होती, नावासकट. सगळ्या मिळून तक्रार करायचं ठरवेपर्यंत हे कोणालाही दिसणार नाही, असा शब्द भाचीने दिला होता. साहेबाला कुणकुण लागली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं त्यानेच आधी पोलिसांत जाऊन सांगितलं की या बायका मला बदनाम करायचा कट करतायत.

एक दिवस भाची भरदुपारी घरी आली आणि चप्पल न काढता दारातच बसली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला चौकीवर बोलावलं होतं आणि तिने लिहिलेलंच तिच्यापुढे ठेवलं होतं. सोबत सासरे होते. तिने घरी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. सासऱ्यांनी तिथेच सांगितलं की उद्यापासून नोकरी बंद. ही मैत्रीण म्हणजे रविवारी आमच्याकडे येऊन माझ्या हातचे तर्री-पोहे मागून खाणारी मुलगी.

भाचीने कंपनीला रागाने लिहिलं, मला न विचारता दिलंच कसं? उत्तराबरोबर जुन्या मेलची प्रत आली. खात्यावर नोंदवलेल्या पत्त्यावर आम्ही कळवलं होतं, स्मरणपत्रही पाठवलं होतं, ठरल्या तारखेपर्यंत हरकत आली नाही. भाचीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“मावशी, ये आपको आया था?”

“आला होता. फ्रॉड वाटला म्हणून डिलीट केला.”

“मुझे बताया क्यों नहीं?”

“तुला टेन्शन नको म्हणून.”

तिने मोबाइल मागे घेतला. मग म्हणाली, “वकील मैडम कह रही थीं, टाइम पर जाते तो कोर्ट से कम से कम नाम छिपवा सकते थे.”

मला राग काढायला कोणीतरी हवं होतं. कंपनीला चार शब्द सुनवावेत म्हणून स्पॅम उघडलं, तर स्मरणपत्र तिथे पडलेलं. मीच त्यांची वाट बंद केली होती. कुठल्याशा ऑफिसातल्या परक्या माणसांनी सगळं खातं द्यायला नकार देऊन माझ्या भाचीचं अर्धं घर तरी वाचवलं. उरलेलं वाचवायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मी मेथी निवडत बसले. तेव्हापासून मला माझीच लाज वाटते.

मी म्हटलं, “मी तिच्या घरी जाते. सासऱ्यांशी बोलते, माफी मागते.”

“आप मत जाइए,” भाची म्हणाली. “आप बस अब कुछ मत कीजिए.”

मग ती शेजारी बसून मोबाइलवर काहीतरी करू लागली. माझ्या मोबाइलवर मेसेज आला. खात्यावरून माझा मेल आणि नंबर काढायला ओटीपी लागत होता. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे माझ्या भाषणातलं दुसरं वाक्य. मी एकेक आकडा वाचून दाखवला. तिने तो टाकला आणि म्हणाली, “शुक्रिया.” ती रिक्षावाल्याला म्हणते, दुकानदाराला म्हणते. मला आजवर कधी म्हणाली नव्हती.

थोड्या वेळाने कंपनीचा मेल आला. आपला पत्ता या खात्यावरून काढण्यात आला आहे, यापुढे या खात्याबद्दल आपल्याला काहीही कळवलं जाणार नाही. हा मेल मी शेवटपर्यंत वाचला.