दरवाढीचं मतदान

वडील गेल्यावर आई लाँग टर्म व्हिजिट पासवर माझ्याकडे सिंगापूरला आली. फुप्फुसं थकलेली, त्यामुळे तिला दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं. आणि मी मूर्ख! माहेरी विजेचं बिल जेवताना मोठ्यानं वाचायची पद्धत होती, ती मी इथंही चालू ठेवली. वर "बापरे, परत वाढलं" हेही म्हणायचे.

एकदा दुपारी ऑफिसातून लवकर आले, तर मशीन बंद आणि आई सोफ्यावर धापा टाकत बसलेली.

"अगं, हे काय?"

"तू यायच्या आधी लावतेच की मी. उगीच कशाला मीटर पळवायचं?"

मी इतकी भडकले की तिच्यावर ओरडलेच. मग स्वतःचीच लाज वाटली. ओरडून उपयोगही झाला नाही. माझी पाठ वळली की मशीन बंद.

आमच्या मरीन परेडच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, मॅनेजमेंट एकत्र वीज घेतं आणि फ्लॅटवार बिल लावतं. वर्षभर दर वाढवू नये, तूट मेंटेनन्समधून भरावी, असा ठराव सभेपुढे येणार होता. आईचं सगळं लक्ष तिकडेच लागलेलं. पण मत फक्त मालकांना. आम्ही पडलो भाडेकरू. शिवाय दर थांबला की मेंटेनन्स मालकांचाच वाढणार! घरमालकीणबाईंना कुठल्या तोंडानं सांगायचं? चार वेळा मेसेज लिहून पुसला. शेवटी फोन करून आईचं सगळं सांगून टाकलं. बाई सिंगापुरातच क्वीन्सटाउनला राहणाऱ्या, निवृत्त चिनी शिक्षिका. "ओके, आय कम लाह," एवढंच म्हणाल्या.

सभेत मला मागे बसू दिलं. ठरावाच्या बाजूनं मोजकेच हात वर झाले. त्यात आमच्या बाईंचा अगदी ताठ. मला भरून आलं. ठराव मात्र पडला. चिडावं तरी कुणावर? विरोधातले बरेचसे निवृत्त म्हातारे, त्यांनाही मेंटेनन्स जडच होता. निघताना बाईंनी माझा हात घट्ट दाबला.

घरी आले तर मशीन पुन्हा बंद. आई दारातच उभी.

"काय झालं गं?"

"मंजूर!" मी म्हणाले. "वर्षभर दर वाढणार नाही."

ती सावकाश मशीनपाशी गेली, नळी नाकाला लावली आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

"आता राहू दे दिवसभर," म्हणाली.