भिंतीपलीकडचा डबल बास

मंडळी, सकाळपासून डोकं बधिर झालंय.

शेजारचे फ्रेंच काका गेल्या आठवड्यात वारले. पॅरिसहून जर्सी सिटीत आले आणि चाळीस वर्षं जॅझमध्ये डबल बास, म्हणजे ते माणसाएवढं खर्जातलं तंतुवाद्य, वाजवला, कायम दुसऱ्यांच्या मागे उभं राहून. हे मला आज त्यांच्या मुलीकडून कळलं.

मला फक्त भिंतीतली घुमघुम माहीत होती. मीटिंगमध्ये त्रास होतो म्हणून दार न ठोठावता मी बिल्डिंगच्या ॲपवर कम्प्लेंट टाकली होती. घुमघुम थांबली, विषय संपला.

आज तिला तो बास लिफ्टपर्यंत न्यायला मदत केली. काकांच्या नोटेशनच्या स्टँडवर एक कागद होता. त्यावर माझ्या मीटिंगच्या वेळा होत्या, सोमवार ते शुक्रवार.

"बाबांनी भिंतीतून ऐकून लिहिल्या. तेवढा वेळ सोडून हळू वाजवायचे," मुलगी म्हणाली.

कम्प्लेंट माझी होती, हे मी तिला सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?