दोन पिसांची टर्की

एइनार सारेलाने उमेदीची सगळी वर्षं लोखंडाच्या खाणीत मशिनं दुरुस्त करण्यात घालवली. मग खाणीतला त्याचा विभाग बंद पडला. उत्तर मिनेसोटातल्या त्या लहानशा गावच्या हायस्कूलला वेल्डिंग शिकवायला माणूस मिळत नव्हता, म्हणून डाव्या हाताची दोन बोटं नसलेला हा अबोल फिनिश गडी उतारवयात मास्तर झाला.

काम त्याच्या हाडीमासी मुरलेलं, पण बोलण्याच्या नावाने शंख. "चष्मा लाव." "पुन्हा कर." "हा सांधा आहे की च्युइंगगम?" यापलीकडे शब्द फुटत नसे. पोरं चिडीचूप काम करायची. आधी त्याला वाटलं, शिस्त लागली. मग ध्यानात आलं, की अडलं तरी कोणी विचारत नाही. बिघडलेला तुकडा भंगाराच्या पिंपात तळाशी लपवतात. आपसातही बोलणं नाही. टेसा ओयाला ही वर्गातली एकमेव मुलगी तर कोपऱ्यात एकटीच असायची.

"अरे एइनार, मुलं भितात तुला," डोरोथी पेट्रिच एकदा कॉफी ओतताना म्हणाली. ती इंग्रजी शिकवायची आणि दोघं एकाच गल्लीत वाढलेले, त्यामुळे तिला भीडभाड नव्हती.

"भिऊ देत. बोटं तरी शाबूत राहतील."

"थँक्सगिव्हिंगला आभार मानायचे असतात ना, मग सुट्टीआधी एवढं कर. कागदावर पंजा ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची. अंगठा म्हणजे सणाच्या टर्की पक्ष्याचं डोकं, बोटं म्हणजे पिसं. वर्गातल्या कोणी आपल्यासाठी काही केलं असेल, ते पिसांवर लिहायचं."

"हा बालवाडीतला खेळ झाला."

"म्हणूनच तुला झेपेल," असं म्हणून तिने तपकिरी कागदांचा गठ्ठा त्याच्या काखेत कोंबला.

सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याने कागद वाटले. "'तू छान आहेस' असलं काही चालणार नाही," त्याने बजावलं. "काय केलं, ते लिहायचं."

"सर, आम्ही सोळा वर्षांचे आहोत," मागून वेड मॅरोल्ट म्हणाला. "रंगीत खडूपण देणार का?"

दोघंतिघं खिदळली. पेन्सिली मात्र जागच्या हलेनात.

"आणि कोणी काही केलंच नसेल तर?" वेडने विचारलं.

एइनार बाकावर बसला, डावा पंजा कागदावर ठेवला आणि पेन्सिल फिरवू लागला. एरवी त्या हाताकडे चोरून बघणारी पोरं आता उघड बघत होती. त्याने सावकाश काहीतरी लिहिलं आणि अडखळत वाचलं.

"सप्टेंबरात मी जाड पत्रा उचलत होतो, तो निसटायला लागला. टेसा आली, दुसरं टोक धरलं, खाली ठेवायला हात लावला आणि काही न बोलता जागेवर गेली. तेव्हापासून मी पत्र्याला हात घातला की ती येते. मी तिला एकदाही थँक्यू म्हणालो नाही. थँक्यू, टेसा."

टेसाने मान खाली घातली. तिची मान लालबुंद झाली होती.

"दुसरं पीस. सगळे पळाल्यावर वेड मॅरोल्ट इतरांच्या केबलीसुद्धा गुंडाळून ठेवतो. त्याला वाटतं, मला दिसत नाही."

"बस यायला वेळ असतो म्हणून," वेड पुटपुटला. पोरं हसली, मग तोही हसला आणि त्या भरात बोलून गेला, "पण सर, तुमच्या टर्कीला दोनच पिसं."

वेडचा चेहरा उतरला.

"उरलेली पट्ट्याने खाल्ली," एइनार म्हणाला. "खाणीतल्या."

आधी टेसाच्या नाकातून हसू फुटलं, मग सगळ्यांच्या. कोणीतरी विचारलं, कसं झालं? आणि एइनारने सांगितलं. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. घरी जायची घाई होती, खनिज वाहून नेणारा पट्टा बंद न करताच त्याने दुरुस्तीला हात घातला.

"मग हरिण मिळालं?"

"भावाला. गाढव कुठला, शिंगं दाखवायला दवाखान्यात घेऊन आला!"

हसणं ओसरल्यावर पेन्सिली चालू लागल्या. सगळ्यांच्या नाही, एकाने नुसतीच खरीखुरी टर्की काढली. जाता जाता वेडने आपला कागद टेसाच्या टेबलावर टाकला. तिने तो दोनदा वाचला.

"स्पेलिंग काय भयंकर आहे तुझं," ती म्हणाली.

"आशय बघ ना, बाई!"

सुट्टीनंतर एक पोरगा भोक पडलेला तुकडा घेऊन स्वतःहून एइनारपाशी आला. "सर, माझं काय चुकतंय?" एइनारच्या ओठांवर 'च्युइंगगम' हा शब्द आला होता. तो गिळून त्याने पोराच्या शेजारी स्टूल ओढलं.

पुढे तो निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिला. फार गोडबोल्या झाला नाही. वेड मध्येच शाळा सोडून बापाच्या लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर गेला, याचं एइनारला वाईट वाटलं. टेसा डुलूथच्या बंदरात जहाजं सांधते. गावी आली की ती एइनारकडे डोकावते. तो वेलदोड्याचा गोड पाव कापतो, ती कॉफी ओतते, आणि दोघं खिडकीतून बर्फ बघत बसतात. बोलतात थोडंच.