तिसऱ्या रांगेतली दाद

पुण्याहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला आमच्याकडे आलेल्या बाबांना मी डॅलसमध्ये पियानो ऐकायला नेलं. वाजवणारा चिनी होता. विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आलेला आणि आता जगभर कार्यक्रम करणारा. गाडीतच मी बाबांना बजावलं होतं, की इथे मधेच दाद द्यायची नसते, सगळं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या. पण बाबांचा जन्म गेला गाण्याच्या बैठकींत. एका हळुवार जागेला त्यांचा हात वर गेला आणि त्या चिडीचूप सभागृहात आवाज घुमला, "वाहवा! क्या बात है!"

पुढच्या बाईंनी वळून असं काही पाहिलं, की मी बाबांचा हात दाबूनच धरला. भयंकर चिडले होते मी.

कार्यक्रम संपला, पण टाळ्या थांबेनात. तेव्हा तो पुन्हा पियानोपाशी बसला आणि त्याने नेमकी तीच जागा पुन्हा वाजवली. मग हात उचलून, हसत, आमच्या रांगेकडे बघत थांबला. अख्खं सभागृह थांबलं. बाबा मात्र माझ्या धाकाने तोंड मिटून बसलेले.

मग काय, मीच ओरडले, "वाहवा!"